काकांचा आवाज आणि हमी नसलेला परवाना

आत्ताच घडलंय, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आज उदगीरच्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शेजारच्या काकू आल्या होत्या. वारलेल्या काकांच्या आवाजाची एकमेव फाइल माझ्या कॉम्प्युटरवर होती; तो लिनक्स या मोफत प्रणालीवर चालतो. प्रत न काढताच मी ती नीट नाव देऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवत होतो, तेवढ्यात लाइट गेली.

"गेलं का रे समदं?"

लाइट आल्याबरोबर मी कॉम्प्युटर चालू केला.

लिनक्समध्ये फाइलींचा हिशेब ठेवणारी फाइलसिस्टिम कुठलाही बदल करण्याआधी जर्नलमध्ये, म्हणजे तिच्या रोजनिशीत, नोंद करते. त्यावरूनच तिनं स्वतःला सावरलं. फाइल लावली आणि काका बोलले, "चहा टाक गं."

काकूंनी डोळे पुसले. "कुणी केलंय हे?"

"जगभरच्या लोकांनी. कुणीही वापरावं, वाटावं. पण परवान्यात लिहिलंय, हमी कसलीच नाही."

"हमी तर दवाखान्यात बी दिली हुती, बाळा."

मी लगेच फाइलच्या दोन प्रती काढल्या. तुमच्या माणसांचे आवाज किती ठिकाणी आहेत?