ज्ञानेशचा डबा

गंगापूर रोडला माझं सायबर कॅफे होतं तेव्हाची गोष्ट. म्हणजे इंटरनेट मोबाईलमध्ये शिरायच्या आधीची. आठ कॉम्प्युटर, प्लायवूडच्या आठ केबिनी, आणि कोणत्या केबिनमध्ये कोण काय करतंय याकडे माझं बारीक लक्ष. पोरं चॅटिंग करायची. पोरी त्या पोरांना नाव बदलून गंडवायच्या. नाशिक रोडचे एक काका रोज येऊन उपवर मुलांचे फोटो बघायचे आणि त्यांना मुलगी नव्हती. आणि ज्ञानेश दिवा पेटवायचा.

खरंच सांगते. शेवटच्या मशीनवर बसून हा पोरगा पडद्यावर दिवा पेटवायचा, विझवायचा, पुन्हा पेटवायचा. एका साइटवर ब्राउझरमध्येच सर्किट काढायची सोय होती. बॅटरी ठेवायची, तारा जोडायच्या, स्विच दाबला की तारांतून पिवळे ठिपके धावायला लागायचे. ठिपके म्हणजे वीज. दुसऱ्या साइटवर मायक्रोकंट्रोलर होता, म्हणजे आपण प्रोग्राम भरून देऊ तसं वागणारी एक चिप. तीही पडद्यावरचीच. तिला प्रोग्राम लिहून द्यायचा आणि ती ऐकते का ते बघायचं.

"एवढे पैसे घालून दिवेच लावायचे असतील तर घरी लाव की," मी एकदा म्हणाले.

"घरी लाईट नसते, ताई," तो म्हणाला. "आणि इथं चुकलं तरी कोणी मरत नाही."

मला वाटलं, पोरगा नाटकी आहे. मग हळूहळू त्याच्याकडून सगळं कळलं.

मखमलाबादच्या पुढे भोरमळा नावाची वस्ती आहे. सगळे भाजीवाले आणि फुलवाले माळी. शेतीची वीज तिथे एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. रात्री नेमकी कधी येईल ते कोणी सांगू शकत नसे. आली की बिछान्यातून उठायचं, वाफ्यांतून ओल्या पायांनी पाण्याच्या मोटारीच्या खोलीपर्यंत जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. ज्ञानेशचे वडील सावळीराम असेच एकदा गेले. साल अठ्ठ्याण्णव. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत करंट उतरला होता. पहाटे भागुबाई, त्यांची बायको, बघायला गेल्या तेव्हा ते पेटीला चिकटलेले होते.

ज्ञानेश तेव्हा दहावीत. थोरला गोरक्ष बारावीला होता, त्याने वह्या माळ्यावर टाकल्या आणि कुदळ घेतली. "एकानं तरी शिकलं पायजे," असं म्हणून धाकट्याला त्याने इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला घातलं. आणि त्या दिवसापासून रात्रीची पाळी गोरक्षकडे आली. ज्ञानेशने डोक्यात एकच गोष्ट घेतली होती: आपल्या घरातल्या कोणाचाही हात पुन्हा त्या पेटीला लागता कामा नये. बाकी नोकरी, पगार, लग्न, कशातच त्याचा जीव नव्हता.

लाईट आली की आपोआप बटण दाबणारे ऑटो बाजारात मिळायचे. पण मोटारीला वीज तीन तारांतून, म्हणजे तीन फेजांतून लागते, आणि त्यातली एक आली नसली तरी ते बिनडोकासारखे बटण दाबायचे आणि मोटार जळायची. ज्ञानेश स्वतः बनवत होता तो डबा आधी तिन्ही फेज बघणार होता, मग व्होल्टेज बघणार होता, आणि सगळं ठीक असेल तरच मोटार चालू करणार होता. हे सगळं त्याने माझ्या केबिनमध्ये बसून पडद्यावर जमवलं. वर्ष गेलं त्यात. मग एम. जी. रोडवरून खरे सुटे भाग आणले आणि पहिला डबा घरच्या मोटारीवर बसवला.

मी मुद्दाम बघायला गेले होते. भागुबाईंनी डब्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दुपारी लाईट आली. डबा क्षणभर गप्प राहिला, मग आत टक् झालं आणि मोटार घरघरली. भागुबाई पदराने डोळे पुसत होत्या. गोरक्ष मात्र हाताची घडी घालून म्हणाला, "आता रातच्याला मी करू काय? मला तर झोपायची सवयच नाय राहिली." सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्याच आठवड्यात शेजारचे नाथाबाबा आले. "ज्ञानू, मला पण एक दे रं." मग नाथाबाबांचा भाऊ. मग सगळेच. रात्रीचं उठणं कोणाला हवं होतं? ज्ञानेशने सुट्या भागांपुरते पैसे घेतले आणि ज्याच्या त्याच्या मोटारीवर डबा बसवून दिला. त्या हिवाळ्यात सबंध भोरमळा शांत झोपला, आणि हे एका पोराने केलं याचा मला इतका अभिमान होता की गिऱ्हाइकांना मी त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचे.

फाल्गुनात डीपी उडाली. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्या वस्तीची वीज त्यातून यायची. पूर्वी लाईट आली की कोणी लवकर उठायचा, कोणी उशिरा, कोणी शिव्या देत कूस बदलायचा. मोटारी एकेक करून सुरू व्हायच्या. आता सगळे डबे एकाच क्षणी बटण दाबायचे. मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते, आणि इथे तर सगळ्याच एकदम. डीपीने काही दिवस दम धरला आणि मग धडाम.

ज्ञानेश दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसला. तोंड उतरलेलं.

"पडद्यावर एकच मोटार होती, ताई," तो म्हणाला. "मी दुसरी काढलीच नाही."

वायरमनने डीपी दुरुस्त करून दिली आणि सांगितलं, सगळे ऑटो काढून टाका. ज्ञानेशने हातापाया पडून मुदत मागितली आणि नवा प्रोग्राम लिहायला घेतला. प्रत्येक डब्याला नंबर. लाईट आली की पहिल्याने लगेच मोटार लावायची, दुसऱ्याने थोडं थांबायचं, तिसऱ्याने आणखी थोडं. शेवटच्याला चहा उकळून होईल एवढंच काय ते थांबावं लागणार होतं.

तपासायचं कसं? त्या साइटवर एका वेळी एकच चिप चालायची. मग एका रविवारी दुपारी त्याने माझे आठही कॉम्प्युटर मागितले. मी शटर अर्धं खाली ओढलं. चॅटिंगवाल्या पोरांना हाकललं नाही, त्यांनाच एकेका मशीनसमोर बसवलं. प्रत्येकाच्या पडद्यावर एक चिप आणि एक दिवा. दिवा म्हणजे त्याची मोटार. मी हात वर केला, खाली आणला, आणि सगळ्यांनी एकदम माऊस दाबला. पहिल्या केबिनमधला दिवा लागला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. ज्ञानेश दारात उभा राहून एकेक केबिन बघत होता. आठवा लागला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्याने मला पेढे आणायला पाठवलं. मालकिणीला! पण मी गेले. त्या दिवशी त्याने सांगितलं असतं तर मी काशीला गेले असते.

आता वाटतं, आठ पोरं गुमान का बसली? कारण त्यांच्या दिव्यावर काही पिकत नव्हतं.

नवे डबे बसले. प्रामाणिकपणा अंगात फार, म्हणून स्वतःच्या घराला त्याने शेवटचा नंबर दिला. सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बरोबर हाय, नंबरानं जायचं," नाथाबाबा म्हणाले.

चैत्र लागला आणि पाण्याची ओढ सुरू झाली. डीपीची ताकद आधीच तोकडी. पुढच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली यायचं. मागच्या नंबरवाल्यांचा डबा इमानाने व्होल्टेज बघायचा, कमी आहे म्हणायचा आणि मोटार लावायचाच नाही. पुढच्याच्या वाफ्यात पाणी खळखळतंय आणि आपला डबा शहाण्यासारखा बसून राहिलाय, हे कोणाला बघवेल? पडद्यावरची वीज कितीही मोटारी लावल्या तरी कमी होत नव्हती. ते ज्ञानेशच्या ध्यानात आलं, पण पिकं करपायला लागल्यावर. तो पुन्हा माझ्याकडे येऊन बसायला लागला. रोज नंबर फिरवायचे, आज पहिला तो उद्या शेवटचा, असा प्रोग्राम लिहीत होता. "आठवडाभर थांबा फक्त," म्हणून सांगत तो घरोघरी फिरला.

आठवडा कोण थांबतो? नंबर बदलायला सोपं जावं म्हणून त्याने डब्यात एक पिवळी तार ठेवली होती. ती कापली की डबा थांबणं सोडून द्यायचा, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. त्याने कापली. एकाने कापल्याने काय होतंय? मग दुसऱ्याने कापली, कोणाला न सांगता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच हुशार.

ऐन वैशाखात डीपी पुन्हा उडाली. नवी लगेच मिळेना. मेथी, कोथिंबीर, गुलाबाची रोपं, सगळं उभ्या उभ्या वाळलं. मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि सगळं खापर ज्ञानेशच्या डोक्यावर फुटलं. "या पोरानं शिकून आमचा सत्यानास केला." "कम्प्युटरवर खेळून कुठं शेती होती का?" ठरलं की सगळे डबे काढायचे, आणि ज्याने बसवले त्यानेच काढायचे.

तो पान्हा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन घरोघरी गेला. पहिला डबा उघडला, तार कापलेली. दुसऱ्यात कापलेली. नाथाबाबांच्या डब्यात तर उपटूनच टाकलेली. एकेक डबा काढून तो पोत्यात टाकत गेला. शेवटी आपल्या मोटारीच्या खोलीत आला, झाकण काढलं, आणि तिथेही तार नव्हती.

गोरक्ष मागे उभा होता. "मी कापली," तो म्हणाला. "आई रोज त्या मेथीपाशी बसून रडू राहिली होती. मला नाय बघवलं रं."

हे मला स्वतः ज्ञानेशने सांगितलं. मी म्हणाले, "अरे, भांडला नाहीस त्याच्याशी?" तर म्हणाला, "त्याच्या जागी मी असतो तर मीही कापली असती." त्यानंतर त्याने अंबडला एका कारखान्यात नोकरी धरली. पेट्या मोजायचं काम. माझ्याकडे येणं बंद झालं. रात्रीचं बटण दाबायला गोरक्ष पुन्हा जायला लागला. ज्ञानेश म्हणायचा, मी जातो. गोरक्ष ऐकायचा नाही.

दिवाळी झाली आणि थंडीत गोरक्ष गेला. बापासारखाच. ओले पाय, तीच खोली, तीच पेटी. ज्ञानेश त्या रात्री कारखान्यात पाळीवर होता.

मी दहाव्याला गेले. अंगणात ताडपत्री टाकलेली, बायाबापड्या बसलेल्या. भागुबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्या नुसत्या एका बाजूला बघत होत्या. ज्ञानेशचं डोकं भादरलेलं, तो भिंतीला टेकून बसला होता. मग नाथाबाबांनी सुस्कारा सोडला.

"ज्ञानू," ते म्हणाले, "तुझा डबा असता तर पोरगं वाचलं असतं रं."

आजूबाजूच्या चार माना हलल्या. "हा ना," कोणीतरी म्हणालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा खोटं बोलत नव्हता, मनापासून हळहळत होता, म्हणून तर जास्त संताप आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात ज्ञानेशच बोलला. आवाज चढवला नाही.

"होता की, बाबा," तो म्हणाला. "तुमच्याकडं होता. आमच्याकडं पण होता."

नाथाबाबांनी खाली बघितलं. आणि तेवढ्यात समोरच्या मोटारीच्या खोलीवरचा बल्ब लागला. शेतीची लाईट आली होती.

आधी एकजण खाकरत उठला. मग दुसरा. "येतो, भागुबाई," म्हणत, टोपी सारखी करत, चपला शोधत सगळे पुरुष पाठोपाठ निघाले. नाथाबाबा सगळ्यात शेवटी उठले, पण उठले. बांधावर पोचल्यावर त्यांची पावलं झपझप पडायला लागली. ताडपत्रीवर आम्ही बायाच उरलो.

ज्ञानेशही उठला. गहू नुकता उगवला होता, पाणी द्यायलाच हवं होतं, आणि आता घरात दुसरं कोणी नव्हतं. त्याने दोन पावलं टाकली असतील. भागुबाईंनी बसल्या जागेवरून त्याचा सदरा मागून घट्ट पकडला.

"मला सोड, आई," तो म्हणाला.

त्यांनी सोडला नाही. सदरा खांद्याशी उसवला तरी सोडला नाही. तो तसाच उभा राहिला आणि लाईट जाईपर्यंत त्या त्याला धरून बसल्या.