गाजराभोवती वाघर

रंगुबाईच्या हाताला अजून लोकरीचा वास येतो, असं तिचा नवरा बिराप्पा म्हणतो. ती म्हणते, मातीचा येतो. दोघांचंही खरं आहे.

तिची चाळीस वर्षं मेंढरांमागं चालण्यात गेली. दिवाळी सरली की जतच्या माळावरून बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि मावळतीकडं वाट धरायची. चूल तीन दगडांची, रोज नवी. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याचं रान लेंडीखतानं भरून द्यायचं आणि दोन दिवसांनी उठायचं. वाटेत कुठं विहिरीच्या कडेला तिनं भोपळ्याची बी टोचली, तरी तिचा वेल चढलेला तिनं कधी पाहिला नाही. पाऊल उचलताना मागं वळून बघायची सवय तिनं लहानपणीच मोडली होती.

पुढं बिराप्पाचा गुडघा गेला. मेंढरं विकली, वीस तेवढी ठेवली, आणि दोघं पाचगणीच्या उताराला एका गावात सुभेदाराच्या रानात राहिली. सुभेदार म्हणजे लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचं रान डोंगराला पायऱ्यांसारखं चार पट्ट्यांत उतरत गेलेलं. वरच्या दोन पट्ट्यांत स्ट्रॉबेरी, तिची राखण बिराप्पाकडं. तिसरा पट्टा ओढ्याकाठचा, भुसभुशीत मातीचा. तो त्यांनी रंगुबाईला कसायला दिला. चौथा खडकाळ, तसाच पडून.

तिसऱ्या पट्ट्यावर रंगुबाईनं पहिल्या दिवशी काय केलं, तर अनवाणी चालत चारी बांध हिंडली आणि मधोमध जाऊन बसली. बिराप्पा वरून ओरडला, "काय गं, मुक्काम हाय का काय?"

"मुक्काम न्हवं," ती म्हणाली. "आता हितनं उठायचं न्हाई."

लुगड्याच्या गाठीत आईकडचं गाजराचं बी होतं. लाल, लांबुडकं, चावलं की दाताखाली साखर फुटावी असं जतचं गाजर. या लाल मातीत ते असं धरलं की पहिल्या वर्षी अख्ख्या गावानं तिच्याकडून नेलं. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला सुगडं तिच्याच गाजरांनी भरली. सुगडं म्हणजे मातीची इवली बोळकी. त्यात गाजर, बोरं, हरभरा, उसाची कांडी घालून सवाष्णी एकमेकींना वाण देतात. सुभेदारांच्या पत्नी संयोगिता यांनी देवळात पाच जणींच्या ओटीत वाण घातलं. पाचवीनं गाजराचा तुकडा उचलला, तर त्यातून पिवळट अळी वळवळत बाहेर आली.

देवळात कुणी मोठ्यानं बोललं नाही. एवढंच कानावर आलं, "मेंढक्याच्या हातचं. त्यास्नी रान कुठलं ठावं?"

रंगुबाई खांबाला टेकून उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ऐकल्याचं तोंडावर येऊ दिलं नाही.

घरी येऊन तिनं बियाण्यापुरती दहा-बारा सोडून उरलेली गाजरं उपटली. वरून लालबुंद, आणि आत गंजल्यासारख्या तांबूस वाटा, जणू कुणी दाभण फिरवलंय. पाल्यालाही तांबूस झाक होती. ती दिसली होती, पण थंडीनं असेल म्हणून सोडून दिली होती.

लालासाहेब बांधावर आले. माणूस कडक, पण तोडून बोलणारा नव्हे.

"रंगुबाई, फवारणी कर की."

"आवं सुभेदार, पाला माझी कोकरं खात्यात. त्यांच्या पोटात इख घालू व्हय?"

"मग पुढच्या संक्रांतीपतूर बघतो. गाजर धड आलं तर पट्टा तुझा, मी हलवणार न्हाई. न्हाई आलं तर स्ट्रॉबेरीच्या ओळी खालपतूर आणतो. मग भांडायचं न्हाई."

"भांडंन कशाला? गाजर दावीन."

तेव्हापासून रंगुबाई राखणीला बसली. मेंढकी बाई जसं लांडग्याला हेरते तसं तिनं त्या किडीला हेरलं. बियाण्यासाठी राखलेल्या दहा-बारा गाजरांजवळ ती सकाळ-संध्याकाळ बसायची. अळी कुठनं येते? आठ-दहा दिवसांनी तिला माशी दिसली. काळी, चकचकीत, पाय पिवळे, तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठी. पाल्याला हात लावला, एखादं पान मोडलं, की वासावर यायची, बुडाशी उतरायची आणि मातीच्या भेगेत शेपूट टेकवायची. तिथं अंडी, मग अळी, मग गाजराचा सत्यानाश.

रंगुबाईला स्वतःची उपटणी आठवली. दाट उगवलेली रोपं ती भरदुपारी उपटायची आणि कोकरांसाठी तो पाला तिथंच बांधावर पसरायची. म्हणजे दोन वर्षं ती माशीला जेवणाचं आवतणच देत होती.

अजून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. माशी उंच जात नाही. खात्री करायला तिनं स्ट्रॉबेरीत किडे धरायला लावतात ते पिवळे चिकट कागद मागून आणले आणि एकाच बांबूला तीन ठिकाणी बांधले, गुडघ्याला, कमरेला आणि डोक्याला. आठवड्यानं पाहिलं तर खालचा कागद काळे तीळ पेरल्यासारखा ठिपक्यांनी भरलेला. कमरेच्या कागदावर एक-दोन. वरचा कोरा.

"आवं, ऐकलं का?" तिनं बिराप्पाला हाक मारली. "वाघर काढा."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभं करायचं दोरीचं जाळं. दोन वर्षं ते छपरात गुंडाळून पडलं होतं.

"मेंढरं मोकळी आन माशीला वाघर?" बिराप्पा हसून खोकायला लागला. "आगं, तिच्या भोकातनं कोकरू जाईल, माशीचं काय घिऊन बसलीस!"

"जुन्या मच्छरदाण्या शिवीन तिला."

"आन माशी आत कोंडायची का भायेर?"

"तुमाला भायेर कोंडीन. मुकाट्यानं काढा."

गणपतीच्या आधी तिनं तिसऱ्या पट्ट्यात बी पेरलं. पेरलं त्याच दिवशी कमरेइतकी वाघर चारी बाजूंनी उभी केली. खालची कड वीतभर मातीत पुरली. एक टाकाही सुटला नव्हता. येणारे-जाणारे थांबून बघायचे, हसायचे. कुणी विचारलं, "रंगुबाई, गाजरं पळून जात्यात व्हय गं?" ती म्हणाली, "जात्यात. तुमच्या घराकडंच जात्यात."

घट बसायला सहा दिवस होते तेव्हा तिला पहिलं तांबूस पान दिसलं.

ती खाली बसली. दुसरं पान, मग अख्खी ओळ. रोप उपटलं तर दोऱ्याएवढ्या मुळाला अळीनं तासलेलं. तिनं वाघर इंच इंच चाचपली. कुठं फाटली नव्हती. खालची कड हलली नव्हती. मग तिनं एक पिवळा कागद आतल्या बाजूला टांगला. दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या होत्या. बाहेरच्या कागदावर एकही नव्हती.

रंगुबाईनं आत माती उकरली. वीतभर खाली तिला ते सापडले. बाजरीच्या दाण्यासारखे तांबूस कोष. काही फुटलेले, काही भरलेले. गेल्या वर्षीच्या अळ्या मातीत उतरून झोपल्या होत्या, आणि आता माश्या होऊन उठत होत्या. बाहेरून कुणी आलंच नव्हतं.

बिराप्पा काठी टेकत आला. तिनं तळहातावरचे कोष त्याच्यापुढं धरले.

"लांडगा आत ठिवून वाघर लावली म्या," रंगुबाई म्हणाली.

तो काठी बाजूला ठेवून तिच्याशेजारी टेकला. मग बिराप्पा म्हणाला, "रंगे, आपुन एका रानात मेंढरं दोन दिसांच्या वर का बसवत न्हवतो?"

"गोचीड धरतंय. जागा किडती."

"मग?"

रंगुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. पण या पट्ट्यावर बसताना ती म्हणाली होती की इथून उठायचं नाही. त्या एका हट्टापायी तिनं त्याच मातीत तेच पीक तिसऱ्यांदा घातलं होतं. चाळीस वर्षं जी जागा मिळाली नव्हती, ती मिळाल्यावर तिला सोडवेना.

संध्याकाळच्या आत तिनं सगळी रोपं उपटली. पाला बांधावर टाकला नाही. पोत्यात भरून दूर खड्ड्यात पुरला. मग तशीच मातीच्या हातांनी लालासाहेबांच्या दारात गेली.

"सुभेदार, चौथा पट्टा द्या."

"तो? तिथं कुसळ उगवत न्हाई, गाजर कसलं? आन तिसरा?"

"तिसरा सोडला."

लालासाहेबांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. "संक्रांत हलणार न्हाई बरं का."

"मी हाललीय. तेवढं लय झालं."

चार दिवस नवरा-बायको दगड वेचत होती. बिराप्पा बसूनच सरकायचा, बसूनच दगड ढकलायचा. कुजून काळं झालेलं लेंडीखत पाट्यांनी खाली उतरवलं. घट बसले त्या दिवशी पेरणी झाली. या वेळी तिनं बी वाळूत कालवलं आणि मीठ भुरभुरावं तसं विरळ टाकलं, म्हणजे उपटणीच लागू नये, पान मोडू नये, वास सुटू नये. चुकून दाट पडलेलं रोप ती दिवस बुडताना काढायची, पाणी घालून बूड दाबायची, आणि काढलेलं ओच्यात घालून थेट वरच्या गोठ्यात न्यायची. वाघर तीच, फक्त या वेळी आतली माती कोरी होती. रोज सकाळी ती कडेकडेनं एक फेरा घालायची, पूर्वी मेंढरं मोजताना घालायची तसा.

मार्गशीर्षात वारं सुटलं. एके सकाळी एका कोकरानं डोकं घालून कोपरा उसवलेला दिसला. तिनं तिथंच बसून तो शिवला. पण रात्रभर तो उघडा होता, हे ती विसरली नाही.

भोगीच्या सकाळी संयोगिता वहिनी खाली आल्या. मागं गावातल्या चार बायका. भोगीच्या भाजीला आणि उद्याच्या सुगडांना गाजर हवं होतं, पण विळी त्यांनी सोबत आणली होती. रंगुबाईनं ती पाहिली आणि स्वतःच पुढं ओढली.

"कापून बगा. मीच कापते."

तिनं उपटायला सुरुवात केली. गाजरं पहिल्या वर्षीसारखी लांब नव्हती. काही बुटकी, काही दगडाला अडून दोन पायांची, एक तर मांडी घालून बसल्यासारखं. बायका हसल्या. विळीवर चरचर आवाज येत गेला. लाल, आतून केशरी, कोरं. दुसरं, तिसरं, दहावं. हसणं हळूहळू थांबलं.

मग रंगुबाई उठून त्या उसवलेल्या कोपऱ्यात गेली. तिथली पाच गाजरं तिनं उपटली आणि सगळ्यांसमोर चिरली. तिसऱ्यात तांबूस वाट होती.

"ही बगा," ती म्हणाली. "हितनं कोकरू शिरलं हुतं. ह्या कोपऱ्यातलं सुगडात घालू नगासा. बाकीचं माझ्या भरवशावर न्या."

संयोगिता वहिनींनी पदर पसरला आणि गाजरं भरून घेतली. जाता जाता एक तिथंच पुसून खाल्लं.

दुपारी लालासाहेब आले. बिराप्पा वाघर सोडत होता.

"आमच्या मंडळींनी सांगितलं मला. तिसरा पट्टा तुझा गं. दिल्या शब्दाचा माणूस हाय मी. आन हा चौथा बी ठेव."

रंगुबाईनं वाघरीची घडी घातली. खुंट मोजले.

"पट्टा नगो, सुभेदार."

"मग?"

"चारी पट्ट्यांत फिरू द्या. पुढच्या साली तुमची स्ट्रॉबेरी खाली आणा, मी वरच्या पट्ट्यात जाती. त्याच्या पुढच्या साली आनी दुसरीकडं. गाजर एका जागी ठिवायचं न्हाई."

लालासाहेब डोंगराच्या चारी पायऱ्यांकडं बघत राहिले. मग मिशीतून हसले. "म्हंजे माझ्याच रानात बिऱ्हाड हिंडवणार तू?"

"व्हय," रंगुबाई म्हणाली. "पर रानाच्या भायेर न्हाई जायची."

तिनं वाघर खांद्यावर टाकली. वरच्या पट्ट्याची माती बघून घ्यायची होती, ऊन असेपर्यंत.