पेन्सिलीने लिहिलेलं मृत्युपत्र

माझे बाबा सुतार. गिऱ्हाइकं त्यांच्याबद्दल बोलायला लागली की ऐकत राहावं: शब्दाला पक्के, मापाला पक्के. या पक्क्या माणसाने स्वतःचं मृत्युपत्र पेन्सिलीने लिहिलं आणि वर्षभर माझ्या नाकी नऊ आणले.

घर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. मागच्या खोलीत आत्या राहते. नवरा गेल्यावर एक ट्रंक घेऊन आली, त्याला तेवीस वर्षं झाली. आमची आई आधीच गेलेली, त्यामुळे आम्हा भावंडांची शाळा, डबे, आजारपणं सगळं आत्यानेच काढलं. आता धाकटा भाऊ दूर नोकरीला आहे आणि दर रविवारी फोनवर सांगतो, "बाबांनंतर घर विकून टाकू. आत्याचं बघू कुठेतरी." हे 'कुठेतरी' ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून मी बाबांच्या मागे लागले: आत्या आहे तोवर घर तिच्या ताब्यात, नंतर आम्हा दोघांचं, एवढं लिहून ठेवा.

बाबांनी लिहिलं. पहिली दोन पानं हत्यारांवर. मोठा रंधा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या पॉलिशवाल्याला, पटाशांचा संच कोणाला, कानस कोणाला, मूठ बदललेली हातोडी कोणाला. घराबद्दल तळाशी एक ओळ. सगळं पेन्सिलीने.

"पेनाने लिहा ना, बाबा."

"आखताना कोणी पेन वापरतं का? चुकलं तर खोडता आलं पाहिजे."

आणि खोडत होतेच की. रविवारी धाकट्याचा फोन यायचा, सोमवारी घराची ओळ गायब. बुधवारी आत्या त्यांचा गुडघा शेकून द्यायची, ओळ परत हजर. हत्यारांची यादी मात्र जागची हलली नाही. मी रागावले, अबोला धरला, शेवटी हात टेकले. आत्या यातलं काही विचारत नसे. तिच्या खोलीत आरसा जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेला. केस विंचरायला ती खाली बसते. सुताराच्या बहिणीच्या खोलीत एक खिळा नाही, याचं मला हसू यायचं.

मागच्या महिन्यात कागद उजेडाला धरला, तर घराच्या ओळीच्या जागी भोक. खोडून खोडून कागद फाटला होता. मग माझा तोल गेला.

"बाबा, वर्षभर नुसतं आखताय. करवत कधी चालवणार? उद्या तुम्हाला काही झालं तर आत्या रस्त्यावर येईल."

त्यांनी भोकावरून अंगठा फिरवला. "तो माझा मुलगा आहे गं," एवढंच म्हणाले.

"आणि ती?"

त्यांनी कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वकिलाकडे निघाले.

वकीलबाईंकडे आणखी एक तमाशा. साक्षीदार दोन लागतात, म्हणून बाबांनी आत्याला आणि पॉलिशवाल्याला आणलं. का, तर भरवशाची माणसं. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार, त्यांनी साक्षीला सही करायची नसते." मी कपाळावर हात मारला. शेवटी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि खालचा झेरॉक्सवाला धरून आणले. टाइप केलेल्या कागदावर बाबांनी पेनाने सही केली. मग वकीलबाईंनी घराचा मजकूर आत्याला मोठ्याने वाचून दाखवला: ती आहे तोवर घर तिच्या ताब्यात. तिने नुसती मान हलवली.

घरी आल्यावर ती बाबांच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, एक खिळा मारून देशील? आरशाला."

"तेवीस वर्षांत कधी बोलली नाहीस."

"दुसऱ्याच्या भिंतीला कसा मारायचा?"

बाबा हातोडी घेऊन तिच्या खोलीत गेले आणि सवयीने कानावरची पेन्सिल काढली.

"खूण नको," आत्या म्हणाली. "सरळ मार."