मोरीत गेलेल्या आठ गोळ्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. पोटच्या पोरीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसले आणि हे आठवलं की मी घाईनं पुढचं स्तोत्र सुरू करते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. तुम्ही उद्या बाजारात भेटून तोंड वाकडं करणार नाही—आणि केलंत तरी काय? मी जन्मभर लोकांकडे तोंड वाकडं करूनच पाहत आले.

आधी तेच सांगते. मी मास्तरीण. बोरी अरबच्या आसपासच्या शाळांमधून तीस वर्षं पोरं शिकवली. ‘खोटे कधी बोलू नये’ हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. अक्षर माझं मोत्यासारखं. आणि मला माणसं फार लवकर मूर्ख वाटतात. शेजारीण मूर्ख, व्याही मूर्ख, हेडमास्तर तर बोलूच नका. सगळ्यात मूर्ख—आमचे हे.

हे एसटीत कंडक्टर होते. थांबा नसला तरी एखाद्या म्हातारीसाठी घंटी मारून शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी गाडी थांबवायचे, तिचं गाठोडं स्वतः उतरवून द्यायचे. लोक म्हणायचे, देवमाणूस. मी म्हणायचे, बावळट. तोंडावर म्हणायचे. ते हसायचे. त्या हसण्याचाच मला जास्त राग यायचा—अरे, माणसानं उलटून काही बोलावं की नाही?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी महागावच्या स्टँडवरून त्यांनी एक पिल्लू उचलून आणलं. तपकिरी, एक कान मोडलेला. शर्टाच्या आत घालून आणलं होतं, शर्ट ओला. नाव ठेवलं बंड्या. माझी परवानगी? ती कोणी विचारली नाही, आणि मी दिलीही नसती.

दोनेक वर्षांनी बंड्याला पहिली फिट आली. सकाळची वेळ, मी अंगणात सडा टाकत होते. कुत्रं चालता चालता आडवं पडलं, चारही पाय पोहल्यासारखे हलायला लागले, दात करकरले, तोंडाला फेस, खाली मूत. अन् मग आमची गल्ली धावली—शहाण्यांची खाणच ती! एकीनं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. एकजण कांदा फोडून घेऊन आला, हुंगवायला. तिसऱ्यानं पंजात किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आणि आमचे हे, त्याची जीभ आत जाऊ नये म्हणून तोंडात हात घालून बसले. दोन बोटं फोडून घेतली. फिट दोन मिनिटांत आपोआप थांबली, तर चप्पलवाली म्हणते, पाहा, चपलीचा गुण. मी बादली घेऊन तिथंच उभी होते. एका बोटानं मदत केली नाही, पण मनातल्या मनात सगळ्यांना शून्य मार्क दिले.

दारव्ह्याचे जनावरांचे डॉक्टर यांना बरंच बोलले. फिट आली की धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, शांत राहून घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागून एक आल्या, तर उचलून थेट इकडे आणायचं. गोळी सकाळी आठला, संध्याकाळी आठला, जन्मभर. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट—बंद. आणि गोळी एकदम थांबवायची नाही. थांबवली तर आधीपेक्षा वाईट फिटा येतील, जिवावर बेतेल. हे शेवटचं डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. मास्तरीणबाई आहेत, लक्षात ठेवतील, असं वाटलं असेल त्यांना. लक्षात ठेवलंच की मी. शब्दन् शब्द.

त्या दिवसापासून घरात कुत्र्याचं राज्य. यांनी यादी लिहून फ्रिजला चिकटवली. बंड्याच्या तोंडात काय जातं यावर दिवसभर पहारा. शिऱ्यातला एक बेदाणा खाली पडला तर हा गुडघे धरून चालणारा माणूस टुणकन वाकायचा. शेजारच्या पोरांनी बिस्कीट टाकलं की त्यांच्या घरी जाऊन हात जोडून सांगायचा. आणि फोनमध्ये गजर—आठचा, दोन्ही वेळेला. पोळीच्या तुकड्यात गोळी दडवून, भरवून, त्यानं गिळली का म्हणून गळ्यावरून हात फिरवून, मग स्वतःचा चहा.

माझीही गोळी होती हो. बीपीची. ती संपून दोन-दोन दिवस व्हायचे, यांना पत्ता नसायचा. माझ्यासाठी कधी गजर वाजला नाही. कुत्र्याचा मत्सर करायची वेळ आली माझ्यावर—साठीची बाई, पेन्शनर! लाज वाटते सांगायला. पण तो होता. हे कारण म्हणून मांडत नाही. नुसता मत्सर तर जगात पुष्कळांना वाटतो, म्हणून कोणी असं वागत नाही.

मग यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, अमरावतीला, लेकीकडे. चार दिवस. जायच्या दिवशी सकाळची गोळी स्वतः दिली, नवं पाकीट माझ्या हाती दिलं, आणि मला एवढ्या सूचना केल्या की मी म्हटलं, तुमचा डोळा राहू द्या, कुत्र्यालाच घेऊन जा.

त्या संध्याकाळी मी गोळी विसरले. खरंच विसरले. एवढी एकच चूक खरी आहे, म्हणून सांगून टाकते. सकाळी उठून पाहते तर बंड्या ठणठणीत, दारात शेपटी हलवतोय. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, पाहा! सगळं थोतांड आहे. दोन वर्षं या माणसानं घर नाचवलं ते उगाच. आता चार दिवस एक गोळी देणार नाही, आणि आले की तोंडावर मारते—हे घ्या, तुमचं कुत्रं गोळीशिवाय जिवंत आहे.

पण पाकीट तर रिकामं दिसायला हवं ना, ते येऊन बघणार. म्हणून विसरलेली ती गोळी आधी मोरीत गेली, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ मी एकेक गोळी काढत होते आणि मोरीत टाकून वरून तांब्याभर पाणी ओतत होते. अगदी आठच्या ठोक्याला. वक्तशीरपणा माझ्या अंगातच आहे. यांचा फोन यायचा, डोळ्याला पट्टी बांधलेली असायची, आणि पहिला प्रश्न—‘‘देल्ली काय वं गोळी?’’ मी म्हणायचे, दिली. हे म्हणायचे, ‘‘शाबास.’’ मला! शाबास!

चौथ्या दिवशी बंड्या जरा वेगळाच वागत होता. भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, हाक मारली तरी उशिरा वळायचा. मला दिसलं. दिसूनही संध्याकाळची मोरीतच टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळचीही. आठ झाल्या.

त्याच दुपारी हे परत आले, आणि तो दिवस नेमका चंपाषष्ठीचा. खंडोबा आमचं कुलदैवत. चार महिने घरात वांगं, कांदा, लसूण वर्ज्य असतो, तो त्या दिवशी सुटतो—कांदा घातलेलं वांग्याचं भरीत, कणकेचे भाजलेले रोडगे, कांद्याची पात. आणि कुत्रं म्हणजे खंडोबाचं, म्हणून नैवेद्यातला घास कुत्र्याला घालायचा. आधीच्या दोन वर्षी यांनी बंड्याला नुसता कोरडा रोडगा घातला होता, भरीत अंगाला लागू दिलं नव्हतं. त्या दिवशी मी टोचलं. म्हटलं, देवाच्या नैवेद्यातही डॉक्टरची यादी बघता का? इतके दिवसांनी भेटला, घाला की एक घास नीट. यांनी माझ्याकडे पाहिलं, बंड्याकडे पाहिलं. तो यांच्या मांडीत डोकं खुपसून बसला होता. चिंचोक्याएवढं भरीत रोडग्याला लावून यांनी त्याला भरवलं.

मी का टोचलं? तेव्हा म्हणाले असते, सहज. आता सहज वाटत नाही. काहीतरी बिनसतंय हे मला सकाळीच कळलं होतं, आणि ते कोणाच्या तरी अंगावर ढकलायला जागा हवी होती. इतकी नीच आहे मी? आहे.

तासाभरात फिट आली. ती थांबते तोवर दुसरी, मग तिसरी, मध्ये शुद्धच नाही. यांनी या वेळी सगळं डॉक्टरनं सांगितल्यासारखं केलं. तोंडात हात घातला नाही, पाट बाजूला सारला, एका उघड्या डोळ्यानं घड्याळ बघत बसले. मग चादरीत गुंडाळून ऑटोनं दारव्हा. वाटेत यांच्या तोंडून एकच—‘‘कायले घातलं म्या, कायले घातलं.’’ मी शेजारी बसले होते. बाहेर रस्त्याकडे बघत.

डॉक्टरांनी सुई लावली आणि विचारलं, गोळी चुकली नाही ना? मी पर्समधून पाकीट काढून दाखवलं. आठ खड्डे रिकामे. बघा, एकही नाही चुकली. आणि मग हे आपणहून पुढे झाले, म्हणाले, ‘‘डॉक्टर, म्या कांद्याचं भरीत खाऊ घातलं याले.’’ डॉक्टर चमकले. हे बंड्याकडे वळल्यावर डॉक्टर मला हळूच म्हणाले, एवढ्याशा कांद्यानं तासाभरात असं होत नाही हो बाई, कांद्याला दिवस लागतात. मी मान हलवली. ते मी एकटीनंच ऐकलं होतं. यांच्यापर्यंत मी ते आजतागायत पोचवलेलं नाही.

बंड्या तिथंच टेबलावर गेला.

त्यानंतर हा माणूस आपल्या हातानं कोणालाही काही भरवत नाही. दारात गाय आली तर पोळी माझ्या हातात देतात. नात आली, दोन वर्षांची, आ करून समोर बसते, आजोबा, घास! हे चमचा माझ्याकडे सरकवतात. आल्यागेल्याला सांगतात, ‘‘माह्या हातानं मेला बंड्या.’’ लोक चुकचुकतात. मी आतून चहा आणते, कपात साखर नीट ढवळलेली असते. एवढी वर्षं मी ज्याला बावळट म्हणत आले, त्यानं न केलेला गुन्हा चारचौघांत कबूल केला. आणि मी, जिचं अक्षर मोत्यासारखं, जिला सगळं जग मूर्ख दिसायचं—मला स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याला एक वाक्य बोलता आलं नाही. शून्य मार्क कोणाला द्यायचे, सांगा.

बोलायला वेळ नव्हता असंही नाही. तीन वर्षं झाली. रोज सकाळी समोरासमोर बसून चहा पितो आम्ही.

परवाच चंपाषष्ठी झाली. दाराशी गल्लीतली तीन-चार कुत्री येऊन बसली होती. पाहते तर हे ताटातला रोडगा उचलून उंबऱ्यापर्यंत गेले होते. कोरडाच, भरीत न लावलेला. एक कुत्री पुढे आली, यांचा हात हुंगायला लागली, आणि हे तसेच थांबून माझ्याकडे वळले. म्हणाले, ‘‘घालू काय वं?’’

नुसतं ‘घाला’ म्हणायचं होतं. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती त्या वेळी, एवढा एक शब्द पुरला असता. तो म्हटला असता, तर कधीतरी पुढचंही बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, ‘‘राहू द्या. आणा इकडे.’’

त्यांनी रोडगा माझ्या हातात दिला.