माहेरी जाण्यापुरती परवानगी

कोरड्या अंगणात बसून तापीचा प्रवाह ओळखणारा मनुष्य उभ्या खानदेशात एकच आहे आणि तो माझ्या घराला लागून राहतो, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. कारखान्यातील सुतारकामातून निवृत्त झालेल्या या आबांना डावे-उजवे ठाऊक नाही. ठाऊक आहे ते केवळ धारेचे वरचे अंग आणि खालचे. एकदा वरणगावच्या भर बाजारात त्यांनी रिक्षावाल्यास फर्मावले, "वरली धारकडे चाल." तो म्हणाला, "आबा, इथं धार कुठली? गटार आहे!" आबांनी गटारीत काडी टाकली, ती कुणीकडे वाहते ते पाहिले आणि उलट दिशेला बोट दाखवले.

वस्तुतः आबा पारोळ्याकडचे, म्हणजे विहिरीच्या पाण्याचे. सासरे मात्र तापी-पूर्णेच्या संगमाजवळ नाव चालवीत. लेकीच्या, म्हणजे अक्कांच्या, पाठवणीला त्यांनी जावयाकडे एकच मागणे मागितले होते : पहिल्या माहेरपणाला तिला नावेने आणा. आबांनी एसटीने नेले. पुढे सासरे गेले, गावही धरणाच्या पाण्याखाली गेले. अक्का त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. निवृत्तीनंतर आबांनी अंगणात सागवानी नाव बांधली, ती त्या न बोललेल्या शब्दापायी.

परवानगीचा अर्ज अर्थातच मी लिहिला. माझे शिक्षण नववीपर्यंत असले, तरी कचेरीबाहेर टेबल मांडून माझी हयात गेली आहे. मोठी मागणी अडते, लहान मंजूर होते, हा माझा अनुभव. सबब मी लिहिले, 'धरणापासून संगमापर्यंत सपत्नीक, एक वेळ, स्वतःच्या नावेने जाण्याची परवानगी मिळावी.' ती शब्दशः मिळाली. साऱ्या नोकरीत गेटपासाशिवाय पाऊल न टाकलेल्या आबांनी तो कागद तीनदा वाचला.

"भाऊ, बठ्ठं बरोबर शे. पन परत येवानं कोठे लिखेल शे?"

ओट्यावरून अक्का म्हणाल्या, "मंग नका येऊ परत. मी राहीन माहेरी." हसता हसता त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. आबा हातातला कागद विसरून त्यांच्याकडे पाहत राहिले.

चूक माझी होती; बाकी सगळे लिहून परतीचे तेवढे राहिले होते. त्याच दिवशी मी दुरुस्ती-अर्ज तयार केला. आबांनी चष्मा नाही म्हणून सही केली नाही. दुसऱ्या खेपेस पेन उमटेना, तिसऱ्या खेपेस अमावास्या निघाली. "लिखत ऱ्हा, भाऊ. काय घाई शे?" तेव्हा कुठे मला उमगले. संगम पुन्हा पाहायचा राहिला आहे, एवढ्यावरच अक्का तग धरून आहेत, अशी आबांची समजूत आहे. त्या एकदा तिथे पोहोचल्या, की परतीची हमी कोणत्या शिक्क्याने द्यावी?

आता रोज दिवस कलला, की दोघे विटांवर ठेवलेल्या नावेत बसतात. आबा हवेत वल्ही मारतात. अक्का डोळे मिटून वळणे सांगतात. बाभळी गेल्या, खडक गेला, आता देवळाचं शिखर दिसेल. तेवढ्यात आबा वल्ही आवरतात.

"आज इतलंच."

"जरा पुढं न्यायची होती," अक्का म्हणतात. नावेबाहेर सोडलेला हात त्या वर घेत नाहीत. चौथा दुरुस्ती-अर्ज माझ्या खिशात असतो. मी तो काढीत नाही.