पन्नास गुणांची अट

आदिलाबादला आमच्या गल्लीत कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, तेव्हा मी बारावी होऊन वडिलांच्या किराणा दुकानात बसत होते. वर्गात माझ्या मशीनवर तामसीकडची एक मुलगी असायची. घरी कापूस-ज्वारीची शेती. रोज बसनं यायची. प्रोग्राममध्ये अट घालायला शिकलो तेव्हा मला काही उमजेना. तिनंच समजावलं, "माय नाही सांगत का? आभाळ आलं तर वाळवण आत घे, नाहीतर राहू दे. तसंच हाय हे."

पहिल्या परीक्षेच्या गुणांची वही सरांनी माझ्याकडे दिली. पन्नास किंवा जास्त असतील तर पुढच्या वर्गात, नाहीतर नापास, अशी यादी काढणारा प्रोग्राम मी लिहिला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शाबाश, बेटी!" यादी भिंतीवर लागली. त्यात गुण नव्हते, फक्त निकाल. तिच्या नावापुढे नापास.

ती माझ्याजवळ आली. "मले किती भेटले? पाह्य ना एकडाव."

"कॉम्प्युटर चुकत नाही," मी म्हणाले. वही उघडलीसुद्धा नाही.

चार दिवसांनी सराव करताना माझीच ओळ मला खुपली. मी 'पन्नासपेक्षा जास्त' एवढंच लिहिलं होतं. बरोबरीचं चिन्ह राहून गेलं होतं. वही काढली. तिला नेमके पन्नास होते.

ओळ दुरुस्त केली आणि गप्प बसले. शाबासकी जाईल, एवढीच भीती. नापास पोरीला कशाला पाठवायचं म्हणून तिच्या घरच्यांनी तिचं येणं बंद केलं. उन्हाळ्यात मुधोळकडे तिचं लग्न झालं. मी गेले, पोटभर जेवलेही.

दोन-तीन वर्षांनी ती स्टँडवर भेटली, कडेवर लेक. तिथंच मी तिला सगळं सांगून टाकलं. ती कितीतरी वेळ लेकीचं झबलं सारखं करत राहिली.

"तवाच काऊन नाही सांगितलं? मी माह्याच डोक्याले दोष देऊन राह्यली इतके दिवस."

"चल, सरांना सांगू."

"आता?" ती म्हणाली. बस लागली होती. ती चढली, मागं न बघता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सरांकडे गेले. त्यांनी ऐकलं, हसले. "छोड़ो बेटी, पुरानी बात है." त्यांनी रागवायला हवं होतं.