सहाशे बारा वेळा ‘उत्तर नाही’

चौथीच्या बाईंचा उजवा पाय कधी स्वस्थ नसे. वर्गात, बसमध्ये, जेवताना टेबलाखाली तो सारखा हलायचा. शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. करायला घेतल्यापासून तर फारच. त्याला आता सहा वर्षं झाली होती. दोनदा मुदतवाढ मिळाली होती, तिसरी मिळणार नव्हती. नणंद भेटली की विचारायची, "वहिनी, झालात का डॉक्टर? माझा गुडघा तुमच्यासाठी राखून ठेवलाय."

विषय होता, अभ्यासक्रम मुलांना झेपतो का? बाईंनी स्वतःच्या आणि आणखी दहा शिक्षकांच्या वर्गांतले तासच्या तास रेकॉर्ड केले. शिक्षकाने प्रश्न विचारला आणि मुलं गप्प राहिली, की तक्त्यात लिहायचं, ‘उत्तर नाही’. अशा सहाशे बारा नोंदी झाल्या. त्यावरून निष्कर्ष निघाला की अभ्यासक्रम मुलांच्या डोक्यावरून जातो. प्रबंध लिहून झाला. मार्गदर्शक सरांची सही झाली. चार प्रती बाइंडिंग होऊन आल्या. शुक्रवारी त्या विद्यापीठात द्यायच्या होत्या.

रविवारी दुपारी बाई तोंडी परीक्षेत ऐकवायला एखादा तुकडा शोधत बसल्या. नवरा वैतागला.

"सहा वर्षं घरात चौथीचा वर्ग भरलाय. कानाला लाव हे," म्हणत त्याने आपले हेडफोन पुढे केले.

आजवर बाईंनी सगळं मोबाइलच्या स्पीकरवर, पंख्याच्या घरघरीत ऐकलं होतं. आता थेट कानात त्यांचाच आवाज आला. "ओल्या फरशीवरचं पाणी गेलं कुठे? कुणालाच येत नाही? बरं, लिहून घ्या." मग खडूची करकर. आणि त्या करकरीखाली एक बारीक आवाज.

"हवेत गेलं."

पाय थांबला.

बाईंनी ते पुन्हा ऐकलं. मग पुढचं. मग दुसऱ्या शाळेतलं. संध्याकाळपर्यंत वीस नोंदी तपासल्या. त्यांतल्या तेरा ठिकाणी उत्तर होतं. कुठे चार सेकंदांनी, कुठे सहा. तोवर शिक्षक पुढे गेलेला.

सोमवारी त्या सरांकडे गेल्या. सरांनी ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"छान सापडलंय. पुढे यावर एक लेख लिहा."

"सर, प्रबंधात मी लिहिलंय की मुलं गप्प बसतात."

"मग?"

"ती बोलत होती. आम्हीच निघून गेलो होतो."

"अहो बाई, शुक्रवार चुकला की नोंदणी संपली. मग पहिल्यापासून सगळं. नवा अर्ज, प्रवेश परीक्षा. पन्नाशी जवळ आली तुमची." सरांनी हेडफोन बाईंकडे सरकवले. "प्रबंध पुरा करायचा असतो. त्यात अडकायचं नसतं."

त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. बाईंचं चित्त मात्र थाऱ्यावर राहिलं नाही. दूध उतू गेलं. एकाच वर्गाची हजेरी दोनदा घेतली. प्रती पिशवीत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

शुक्रवारी खिडकीतल्या कारकुनाने पहिली प्रत उघडली, पानं उलटली.

"प्रतिज्ञापत्रावर तुमची सही राहिलीय."

बाईंनी वाचलं. यातले निष्कर्ष माझ्या माहितीप्रमाणे खरे आहेत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"करताय ना? मागे रांग आहे," कारकून लगेच म्हणाला.

बाईंनी टोपण लावलं. चारही प्रती उचलल्या आणि त्या रांगेतून बाहेर पडल्या.

घरी नवऱ्याने जड पिशवी पाहिली.

"म्हणजे माझे हेडफोन?"

"अजून चारेक वर्षं लागतील."

"बरं," तो म्हणाला. "मी नवे घेतो."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, "दुपारी आपली सावली लहान का होते?"

आणि त्या थांबल्या. दोन सेकंद. तीन. उजवा पाय हलायला लागला. तो त्यांनी डाव्या पायाने दाबून धरला. चार. मुलं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी बाकावरून सरकलं.

"बाई, प्रश्न विसरलात का?"

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या. खडू मात्र त्यांनी उचलला नाही. मागच्या बाकावरच्या मुलीचे ओठ नुकतेच हलायला लागले होते.